धुपाटणं

ग्रेंजमाउथला पहिल्या पाळीला मर्डो किनेर्डने
परमिटचं बाड हातात देत सांगितलं:
कुजक्या अंड्यांचा वास येतोय तोवर वेळ आहे.
येता येता मध्येच थांबला, तर पळ.
वाऱ्याला आडवी पळ.
मागे कोण पडलंय ते बघू नकोस.

मी नाकासमोर चालणाऱ्या घरातली.
पण हा वायू आधी नाकालाच झोपवतो.
नाकावर विसंबायचं नाही
हे अंगात मुरायला एक अख्खा हिवाळा गेला,
खाडीवरून धुकं यायचं आणि फ्लेअरची ज्योत
त्यात अंड्याच्या बलकासारखी पसरायची.

भट्टीतून साडेतीनशे अंशांवर क्रूड स्तंभात शिरतं,
मग ज्याला त्याला आपापला मजला सापडतो.
हलकं वर. जड खाली. तळाला डांबर,
सगळ्यांच्या पायाखाली जाणारं.
आमच्याकडे माणसांची उतरंड लावायला
एवढी आचही लागली नव्हती.

रॉकेलच्या मजल्यापाशी मी रेंगाळायचे.
रॉक ऑइल म्हणता म्हणता जीभ घसरली
आणि आपलं रॉकेल झालं, म्हणतात.
इथून जवळच, दीडेकशे वर्षांपूर्वी,
खडक भाजून दिव्याचं तेल काढायचे.
भाजल्या खडकाचे लाल ढिगारे अजून उभे आहेत,
त्यावर बर्चची झाडं, आणि रविवारी कुत्री फिरवणारी माणसं.

बाबा पानेवाडी डेपोचे टँकर चालवायचे.
आधी अर्थिंगची चिमटी, मग पाइप, मग बाकीचं जग.
सणाला नवा नायलॉनचा शर्ट आणला
तर घडी न मोडता परत द्यायचे.
त्र्यंबक आहेरचा क्रम एकदाच चुकला होता.
ते नाव घरात कुणी घ्यायचं नाही.
मी विचारलं की बाबा आपल्याच मनगटाकडे बघत बसायचे.

इथे तो क्रम छापील असतो, चार रंगांत.
वेल्डिंगचा कागद वेगळा, टाकीत उतरायचा वेगळा.
तापल्या गाळाखाली बादलीभर पाणी राहिलं
तर ते सोळाशे बादल्या वाफ होऊन उठतं,
उठताना छप्पर विचारत नाही.
मी सही करायचे. हाताला कापरं असलं
तर आधी चहा, मग सही.

फेब्रुवारीतली पहाट. मर्डो नमुना घ्यायला गेला.
त्याच्या छातीवरचं यंत्र कोकललं
आणि तो गुडघ्यावर बसला,
बुटाची नाडी बांधायला बसावं तसा.
मी त्याच्याकडे नाही गेले.
त्यानेच शिकवलं होतं ते केलं: पळाले,
वाऱ्याला आडवी, गजराच्या बटणापर्यंत, मुखवट्यांपर्यंत.
ती चाळीस पावलं अजून संपलेली नाहीत.

त्याला बाहेर काढलं. ऑक्सिजन लावला.
नाकाशी सूत धरावं तशी मी नजर धरून बसले होते.
डोळे उघडले, मला बघितलं, म्हणाला,
परमिट बंद केलंस का?

पुढे कधीतरी मालकांनी आकडे मांडले.
आकड्यांत आम्ही बसलो नाही.
कँटीनमध्ये मी मर्डोला आपली म्हण सांगितली:
तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.
धुपाटणं म्हणजे काय हे सांगायला
खिडकीतून फ्लेअरकडे बोट दाखवलं.
तो बराच वेळ हसला. मग बशीत चमचा ठेवत म्हणाला,
आमच्याकडे तेही ठेवणार नाहीत, मुली.

नाही ठेवलं.
ज्या रात्री विझवलं, त्या रात्री शेजारची आयला
मुलाला कडेवर घेऊन अंगणात आली.
तीन वर्षांचं पोर. त्याला अंधार माहीत नव्हता.
ओखिल डोंगर तिकडेच होते, पण दिसेनात.
तो विचारत राहिला, दिवा कुणी नेला?

शेवटची टाकी मीच तपासली. धुतलेली, कोरडी.
यंत्रावर शून्य, कागदावर शून्य, माझी सही.
तिच्या तोंडाशी उभी राहून
लहान पोरीसारखा भरभरून श्वास घेतला.

कसलाच वास नाही.

पाय आपोआप सुटले. दहा पावलं गेले असतील.
मग थांबून वाऱ्याची दिशा बघितली.
वारा नव्हता.